ट्रक ड्रायव्हर म्हणजे एचआयव्ही? लग्न अडलंय म्हणून विचारणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ नऊ वर्षं ट्रकवर आहे, भिलाई-रायपूरकडून लोखंड घेऊन कळंबोलीला येतो, परत जाताना मिळेल ते भाडं भरतो. स्थळ चांगलं आलं, बोलणी झाली, आणि मुलीच्या मामांनी मधेच "ट्रक ड्रायव्हर म्हणजे एड्सवाले, पोरगी देऊ नका" म्हटलं आणि सगळं अडलं. यात खरं किती, ड्रायव्हर लोकांनाच धोका जास्त का, आणि भावाला टेस्ट कर म्हणून सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलंय. मी आधी सात वर्षं ट्रकवाल्यांसाठीच्या प्रोजेक्टमध्ये फील्डवर होतो, त्यानंतर आजपर्यंत सरकारी आयसीटीसीमध्ये समुपदेशक आहे, म्हणजे एचआयव्हीची तपासणी जिथे होते तिथेच बसतो. त्यामुळे उत्तर मोठं होणार आहे, वाचायला वेळ काढा.

आधी आकडा बघू, कारण मामांना तोच सांगावा लागेल. आपल्या देशात प्रौढ लोकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. नॅको, म्हणजे केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था, जे सर्वेक्षण करतं त्यात लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरांमध्ये २०१०-११ ला ते २.५९ टक्के होतं, २०१७ ला ०.८६ झालं आणि २०२१ ला १ टक्का. म्हणजे शंभर ड्रायव्हर उभे केले तर त्यातल्या नव्व्याण्णवांना एचआयव्ही नाहीये. पण बाकीच्या लोकांच्या मानाने प्रमाण पाचपट आहे हेही तितकंच खरं. मामा पूर्ण चूक नाहीत आणि बरोबर तर अजिबातच नाहीत. शंभरात एक या आकड्यावरून तुमच्या भावाबद्दल काहीच कळत नाही, त्याच्याबद्दल कळणार ते फक्त त्याच्या रक्ताच्या तपासणीतून.

आता हे पाचपट येतं कुठून. लोकांना वाटतं ड्रायव्हर लोक मुळात तसलेच. मी इतकी वर्षं या लोकांत बसलोय, जेवलोय, केबिनमध्ये झोपलोय, तुमच्या-आमच्या घरातल्या पुरुषांपेक्षा ही माणसं वेगळी नसतात हो. वेगळं असतं ते त्यांचं थांबणं. गाडी चालू असते तेव्हा ड्रायव्हरला कशालाच वेळ नसतो, मालकाचा फोन, टोल, पोलीस, झोप, डिझेल यातच तो असतो. धोका सुरू होतो गाडी उभी राहिल्यावर, आणि ढाब्यावर तासभर जेवायला थांबतो ते उभं राहणं मी म्हणत नाहीये. माल उतरवायला नंबर लागत नाही, परतीचं भाडं मिळत नाही, मग कळंबोलीला, भिवंडीला, वाशीच्या मार्केटला, न्हावा शेवा बंदराच्या बाहेर, नागपुरात वाडीला एक दिवस, दोन दिवस, कधी चार दिवस गाडी लागूनच असते. पुढचं भाडं कधी मिळेल हे कुणीच सांगत नाही, म्हणून घरीही जाता येत नाही.

कळंबोलीत संध्याकाळी सहा-सातला एकदा बघा. गाड्यांच्या रांगा लागलेल्या, दोन गाड्यांच्या मधे स्टोव्हवर भाजी शिजतेय, कुणी ताडपत्री शिवतोय, कुणी चाकावर हातोडी मारून टायरची हवा बघतोय, चार जण पत्ते घेऊन बसलेत. आंघोळीला पैसे, संडासला पैसे. माल नुकताच उतरलेला असला तर खर्चीतले, म्हणजे मालकाने वाटखर्चाला दिलेल्यातले, उरलेले पैसे खिशात आहेत. घर सोडून अठरा-वीस दिवस झालेत, आणि ज्या गावात आपल्याला कुणीही ओळखत नाही तिथे पूर्ण रात्र मोकळी आहे. त्यात दारू आली की निरोध खिशातच राहतो, हे मला स्वतः ड्रायव्हर लोकांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मी "निरोध वापरता का" असं विचारतच नाही, मी विचारतो "पिऊन गेला होता तेव्हा वापरला होता का". उत्तर लगेच बदलतं.

हे थांबण्याचं गणित कामातही दिसलं. गेट्स फाउंडेशनचा अवाहन कार्यक्रम २००३ ला सुरू झाला, त्यात ट्रकवाल्यांसाठी टीसीआय या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या फाउंडेशनने हायवेला खुशी क्लिनिक काढली. सुरुवातीला जागा जास्त घेतल्या, पुढे त्या कमी केल्या आणि जिथे माल चढतो-उतरतो, जिथे ट्रान्सपोर्टची ऑफिसं आहेत, अशा थोड्या मोठ्या ठिकाणांवर जोर दिला. कारण ढाब्यावर थांबलेल्या माणसाला तुमचं ऐकायला वेळ नसतो, आणि दोन दिवस उभा असलेला माणूस स्वतःहून क्लिनिकच्या बाकावर येऊन बसतो. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके गेले, तिथल्या रांगा गेल्या, आणि माझ्या मते त्यामुळे ड्रायव्हरच्या तब्येतीवर झालेला चांगला परिणाम कुणी नीट मोजलाच नाही. लोडिंग-अनलोडिंगचं थांबणं मात्र आहे तसंच आहे.

दुसरी गोष्ट आहे ती गरमीची, आणि ही जरा सविस्तर सांगतो कारण बाहेरच्या माणसाला ही माहीत नसते. ड्रायव्हर लोकांमध्ये पक्की समजूत आहे की दिवसभर इंजिनाजवळ बसून अंगात गरमी साठते, ती बाहेर काढली नाही तर डोळे जळतात, लघवीला आग होते, माणूस आजारी पडतो, आणि ती काढायचा उपाय म्हणजे बाईकडे जाणं. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या शेजारी असायचं, मे महिन्यात विदर्भातून जाताना पाय भाजायचे, त्यामुळे अंगाला तो ताप खरोखर जाणवायचा. लघवीची आग बहुतेक वेळा पाणी न प्यायल्याने असते, कारण पाणी प्यायलं की गाडी थांबवावी लागते म्हणून हे लोक पाणीच पीत नाहीत. आता गंमत नाही तर दुर्दैव असं की मराठीत उपदंशाला, म्हणजे सिफिलिसला, जुने लोक गरमीच म्हणतात. म्हणजे गरमी काढायला गेला आणि गरमी घेऊन आला. फील्डवर असताना मी कधीच "ही अंधश्रद्धा आहे" म्हटलं नाही, म्हटलं की माणूस उठून जातो. मी म्हणायचो उस्ताद, आधी दिवसाला चार लिटर पाणी पिऊन बघा, ताक घ्या, आठ दिवसांनी या. बरेच जण यायचे, आणि आग गेली म्हणून सांगायचे, मग पुढचं बोलणं सोपं व्हायचं.

तिसरी गोष्ट गुप्तरोग. एचआयव्हीचा धोका वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टींमध्ये मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. लिंगावर जखम असेल, पू येत असेल, तर तिथली कातडी फाटलेली असते आणि विषाणूला ज्या पेशी हव्या असतात त्या नेमक्या तिथेच गोळा झालेल्या असतात, त्यामुळे एचआयव्ही शिरणं कितीतरी सोपं होतं. आता ड्रायव्हर याच्यासाठी जातो कुठे? सरकारी दवाखाना सकाळचा, तेव्हा हा झोपलेला नाहीतर माल उतरवतोय. मग हायवेलगत तंबू ठोकून बसलेला जडीबुटीवाला नाहीतर "शर्तिया इलाज" वाला. तो एक इंजेक्शन मारतो, काळी पूड देतो, हजार-दोन हजार घेतो. आणि जखम बरी होते! इथेच सगळे फसतात. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि काहीही औषध घेतलं नाही तरी तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. आजार आत तसाच राहतो, पुढे अंगावर पुरळ येतं, पुढे वर्षांनी हृदय, मेंदू. पण ड्रायव्हर सगळीकडे सांगत सुटतो की अमक्या नाक्यावरचा वैद्य एक नंबर. त्याने ज्या सुईने टोचलं ती किती जणांना टोचलेली आहे हा वेगळाच धोका.

सरकारी दवाखान्यात याची औषधं रंगीत पाकिटांत फुकट मिळतात. पू येत असेल तर राखाडी पाकीट, त्यातल्या गोळ्या एकदाच घ्यायच्या, आम्ही समोर पाणी देऊन तिथेच गिळायला लावायचो. जखमेचं पाकीट वेगळं, इंजेक्शनवालं. दोन-पाच मिनिटांचं काम आणि शून्य रुपये. मला आठवतंय, एक नांदेडकडचे ड्रायव्हर होते, पन्नाशीचे, त्यांनी ते पाकीट हातात उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले "साहेब, ह्याच्यासाठी मी आजवर एक बैल विकलाय." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

त्याच्याबरोबर हेही लक्षात ठेवा की बाईकडे जाणं एवढाच रस्ता नाही. पुरुषापुरुषांतले संबंध हायवेला होतात, हायवेला उभ्या राहणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींबरोबर होतात, आणि बरेच ड्रायव्हर त्याला संबंध समजतच नाहीत, "बाईकडे गेलोच नाही तर एड्स कसा होईल" असं मनापासून विचारतात. गुदमार्गाच्या संबंधात विनानिरोध धोका उलट जास्त असतो. आम्ही सुरुवातीच्या वर्षांत पोस्टरवर फक्त बाईचं चित्र लावून मोठी चूक केली असं माझं मत आहे, लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला. आणि त्या बायकांबद्दलही एक वाक्य लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सगळा दोष त्यांच्यावर टाकायची पद्धत आहे, पण निरोधचा आग्रह धरणाऱ्या पहिल्या बायका मी याच धंद्यातल्या बघितल्यात, संघटित झालेल्या बायका गिऱ्हाईक परत पाठवतात. जिथे पोलिसांची धाड पडायची आणि त्या पांगायच्या तिथेच निरोध सुटायचा, कारण अंधारात, घाईत, गाडीच्या आडोशाला कुणाला वाटाघाटी करायला वेळ असतो.

नशापाण्याचं थोडक्यात सांगतो. झोप येऊ नये म्हणून उत्तरेकडच्या लाइनवर भुक्की (अफूच्या बोंडांची पूड), अफू चालते, दारू सगळीकडेच. भुक्की खाल्ल्याने एचआयव्ही होत नाही. पण डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि कुणी सुईच्या नशेकडे वळला तर एकमेकांची सुई वापरण्याचा धोका योनीमार्गाच्या संबंधापेक्षाही जास्त आहे.

आता घरचा भाग, तुमच्यासाठी हाच महत्त्वाचा. एचआयव्ही असलेल्या ज्या गृहिणी माझ्यासमोर बसल्यात त्यातल्या बहुतेकींच्या आयुष्यात नवरा सोडून दुसरा पुरुष आलेला नाही. त्यांना कळतं कधी, तर पहिल्या बाळंतपणाच्या तपासणीत. नवरा वीस-पंचवीस दिवसांनी चार दिवस घरी येतो, आणि घरी निरोध काढला की बायको विचारणार हा कशाला आणलास, म्हणजे काढणं हीच कबुली. म्हणून जो माणूस बाहेर नियमित वापरतो तोही घरी वापरत नाही. त्यात लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि नेमकी तेव्हा टेस्ट निगेटिव्ह येते. म्हणून लग्नाआधी टेस्ट करायची तर ती नीट समजून करायची.

ती कशी ते सांगतो. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी असतं. तपासणी फुकट. आधी समुपदेशक वेगळ्या खोलीत बोलतो, तुमची संमती घेतो, मग रक्त. पहिल्या किटवर काही दिसलं तर लगेच पॉझिटिव्ह सांगत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच सांगतात, त्यामुळे बाजारातल्या एखाद्या लॅबच्या एकाच चिठ्ठीवर कुणी पॉझिटिव्ह म्हणालं तर त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, आमच्याकडे या. निगेटिव्ह आली आणि शेवटचा धोक्याचा प्रसंग तीन महिन्यांच्या आतला असेल तर तीन महिने पूर्ण झाल्यावर परत एकदा करायची. मधल्या काळात नवीन धोका घ्यायचा नाही, नाहीतर ते तीन महिने परत पहिल्यापासून मोजावे लागतात. त्याच रक्तात सिफिलिसचीही तपासणी करून मागा, आणि कावीळ बी (हिपॅटायटिस बी) ची सुद्धा करून घेतलेली बरी. आणि कालच-परवा काही झालं असेल, निरोध फाटला वगैरे, तर तीन महिने वाट बघत बसू नका, बहात्तर तासांच्या आत डॉक्टरकडे गेलं तर अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येते, जितकं लवकर तितकं चांगलं.

समजा पॉझिटिव्ह आली. तुम्ही हे विचारलेलं नाही पण तुमच्या मनात तेच आहे हे मला कळतंय. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, फुकट आहे आणि २०१७ पासून सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी) किती हे न बघता पॉझिटिव्ह कळलं की औषध सुरू करतात. रोज एक गोळी. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती, ते बघतात, आणि तो मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच टिकला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे जगभर मान्य झालेलं आहे, हे मी धीर द्यायला सांगत नाहीये. अशी लग्नं झालीत, मुलं झालीत, मुलं निगेटिव्ह आहेत, त्यातल्या काही मुलांची वाढदिवसाची चॉकलेटं मी खाल्लीत.

ड्रायव्हरच्या बाबतीत अडचण असते ती गोळी चालू ठेवण्याची. पूर्वीच्या गोळ्यांमध्ये एफाव्हिरेन्झ असायचं, त्याने चक्कर, विचित्र स्वप्नं, सकाळी जड डोकं. रात्री गाडी चालवणारा माणूस ती घेणार कशी? कितीतरी जणांनी गुपचूप सोडली आणि आम्ही रजिस्टरमध्ये "बेजबाबदार" लिहून मोकळे झालो, याचं मला आजही वाईट वाटतं. आता डोल्युटेग्राविरवाली गोळी आहे, ती दिवसा कधीही घेता येते, तसलं गरगरणं क्वचितच. तिचं एक पथ्य मात्र ड्रायव्हरला मुद्दाम सांगावं लागतं. ढाब्याच्या तिखट-तेलकटाने यांना ॲसिडिटी कायमची, आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधांत ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, ते गोळीबरोबर घेतलं तर गोळी अंगी लागत नाही. गोळी दोन तास आधी घ्यायची नाहीतर ते औषध घेतल्यावर सहा तासांनी. आणि गोळ्यांची बाटली डॅशबोर्डवर ठेवायची नाही, उन्हात केबिन भट्टी होते, कपड्यांच्या पिशवीत आत ठेवायची. माल घेऊन लांब अडकला आणि गोळ्या संपल्या तर एआरटीचं पुस्तक दाखवून दुसऱ्या गावच्या केंद्रातूनही मधल्यापुरत्या मिळतात. तब्येत नीट असेल तर दोन-तीन महिन्यांच्या एकदम देतात, फक्त मी ड्रायव्हर आहे हे तिथे स्पष्ट सांगायला हवं.

कायद्याचं म्हणाल तर एचआयव्ही कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट तिसऱ्याला सांगता येत नाही, मालक कामावर ठेवायला टेस्ट मागू शकत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एका ट्रान्सपोर्टवाल्याने "सगळ्या पोरांची टेस्ट करा आणि यादी मला द्या" असं माझ्याकडे मागितलं होतं. त्या आठवड्यात क्लिनिकला एकही माणूस फिरकला नाही, नुसती बातमी पसरल्यावर. मुलीच्या मामांना गप्प करायला टेस्टचा हट्ट धरलात तर इथेही तेच होईल. अख्ख्या घराने भावाला घेरून टेस्ट करायला लावलं तर तो चिडेल, किंवा कुठल्यातरी लॅबची चिठ्ठी आणून तोंडावर फेकेल आणि खरं काय ते कधीच बोलणार नाही.

म्हणून तुम्ही एकट्याने बोला, फोनवर नको, तो घरी आला की. "तू असं काही केलंयस का" हा प्रश्न तुम्ही बहीण म्हणून विचारूच नका, त्याचं उत्तर त्याला तुम्हाला देता येणार नाही, ते त्याला माझ्यासारख्या परक्या माणसाला देऊ दे. एवढंच म्हणा की लग्नाआधी तुम्ही दोघांनी करून घ्या, ती पण करणार आहे. आणि ती पण करू दे, खरंच, नुसतं म्हणायला नाही. दोघं एकाच सकाळी गेले, प्रत्येकाचं बोलणं वेगवेगळं झालं, तर कुणी कुणावर उपकार करत नाही. साधारण त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो, ज्याचा त्याच्या हातात. मग ते दोघं एकमेकांना सांगतील, मामांना दाखवायचा की नाही तेही तेच दोघं ठरवतील, तुम्ही मधे पडू नका.

ओपीडीच्या वेळा सकाळच्या असतात, त्यामुळे तो रात्रभर गाडी चालवून आलेला असेल तर त्या दिवशी नेऊ नका, झोपू द्या, दुसऱ्या दिवशी न्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. जवळचं केंद्र कुठलं हे माहीत नसेल तर १०९७ ला फोन लावा, नॅकोची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. तो नंबर भावाच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा, तुमच्यासमोर नाही तरी रायपूरच्या रस्त्यावर गाडी लागलेली असताना तो कधीतरी लावेल.